बिल्डिंग पाडायचं ठरलं तेव्हा कुत्र्याचं कोणी विचारलं होतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका ताईंनी लिहिलं होतं की भाड्याच्या घरात जायचंय म्हणून जे लोक पाळलेला कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकतात त्यांनी मुळात कुत्रा आणायलाच नको होता, पोटच्या पोराला असं दिलं असतं का वगैरे. त्यावर दोन दिवसांनी एका काकांचं उत्तर आलं, की इथे माणसांना राहायला जागा नाही आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात. दोन्ही पत्रं वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, कापायचं तर कापा, पण मधला कराराचा भाग तेवढा ठेवा.

आधीच सांगते, मी काही डॉग लव्हर नाही. घरात एक मांजर आहे, तीही स्वतःच्या मर्जीने आलेली. पण मुलुंड पूर्वेला आमची जुनी तीन मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मी कमिटीत खजिनदार होते, सगळ्यांचे भाड्याचे चेक माझ्या हातून गेलेत, त्यामुळे कोण कुठे राहायला गेलं, का गेलं, कोणाचं कपाट कोणाकडे ठेवलं आणि कोणाचा कुत्रा कुठे गेला हे सगळं मी जवळून बघितलंय. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कुत्रा ठेवायचा की द्यायचा हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो आणि चुकीच्या माणसाला विचारतो. ज्याच्या हातात घर रिकामं करायची नोटीस आहे त्याला विचारतो. त्याच्याकडे तेव्हा उत्तर नसतंच हो.

ज्यांच्या बिल्डिंगला अजून ही पाळी आली नाही त्यांच्यासाठी सांगते. सहकारी सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली सरकारने नियमावली केलीय, आधी २००९ ची होती, मग ४ जुलै २०१९ ला सुधारित जीआर आला, त्यात पूर्वी पंचाहत्तर टक्के संमती लागायची ती एक्कावन्नवर आली. आर्किटेक्ट नेमा, फिजिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, रजिस्ट्रारच्या माणसासमोर जनरल बॉडीत बिल्डर निवडा, मग करार, मग महापालिकेच्या परवानग्या. हे सगळं होऊन घर रिकामं करायची नोटीस हातात पडेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, काही सोसायट्यांची तर पोरं लग्नाला आली तरी बिल्डर ठरत नाही. म्हणजे घर सोडावं लागणार हे काही रात्रीत कळत नाही. दोन वर्षं आधीपासून माहीत असतं.

आणि त्या दोन वर्षांत आम्ही काय काय बोललो ते आठवलं की हसू येतं. पार्किंग एक की दोन, यावर मीटिंगांमागून मीटिंगा. टाइल्स दोन बाय दोनच्या की चार बाय दोनच्या. ओटा ग्रॅनाइटचा, मोरीला वेगळा नळ, देवघराचं तोंड कुठे. एका आजोबांनी गच्चीवरच्या कुंड्या ठेवायला जागा मागितली तर तीही मिनिट्समध्ये लिहून घेतली. आणि एका मेंबरने विचारलं की ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांनी भाड्याने कुठे जायचं, त्यांना घर मिळायला त्रास होतो, तर हशा पिकला. ‘आता काय कुत्र्याला पण कॉर्पस द्यायचा का?’ (कॉर्पस म्हणजे बिल्डर मेंबरांना देतो ती एकरकमी रक्कम.) विषय तिथेच संपला. बिल्डर दर महिन्याचं भाडं देणार, वर्षाची ब्रोकरेज देणार, जाण्या-येण्याचा टेम्पो देणार, त्रासाबद्दल हार्डशिपची रक्कम देणार, सगळं ठरलं, कुत्रा कुठल्याच कलमात नाही.

मग नोटीस आली आणि घर शोधणं सुरू झालं. आता आजूबाजूला एकाच वेळी कितीतरी बिल्डिंगा पाडायला काढल्यात, सगळ्यांनाच पोरांची शाळा न बदलता त्याच एरियात घर हवं, त्यामुळे घरमालकाला गिऱ्हाईकाची कमी नाही. ब्रोकर फोनवरच तीन प्रश्न विचारतो, व्हेज ना? फॅमिली ना? पेट नाही ना? पहिल्या दोन्हीला हो म्हटलं आणि तिसऱ्याला अडखळलात की ‘मग कठीण आहे मॅडम, बघतो’ आणि तो बघत नाही. (पहिल्या प्रश्नावर मला वेगळं पत्र लिहायचंय, ते पुन्हा कधीतरी.)

लोक मला म्हणतात, अहो पण कायदा आहे ना, सोसायटी कुत्र्याला बंदी करू शकत नाही. बरोबर आहे. केंद्राच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की सोसायटीने बहुमताने किंवा अगदी एकमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आकार, जात, भुंकणं ही कारणं चालत नाहीत, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. केरळ हायकोर्टानेही २०२१ मध्ये सांगितलं की फ्लॅटमध्ये प्राणी पाळायला बंदी करणारे नियम बेकायदेशीर आहेत. पण हे सगळं सोसायटीविरुद्ध. घरमालकाचं काय? आपल्याकडे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार असतो, दोघांनी सह्या करून रजिस्टर करायचा, त्यात ‘लायसन्सीने (म्हणजे भाडेकरूने) कोणताही प्राणी पाळू नये’ अशी एक ओळ मालक टाकतो आणि आपण सही करतो, कारण सही नाही केली तर मागे दुसरा उभा असतो. आणि बहुतेक वेळा तर ओळ टाकायचीही गरज नसते, तो घर देतच नाही, नाही म्हणायला त्याला कारण द्यावं लागत नाही. सोसायटीच्या चेअरमनशी भांडायला २०१५ चं सर्क्युलर प्रिंट काढून नेता येतं, पण ज्याने दारच उघडलं नाही त्याला कुठलं सर्क्युलर दाखवणार.

फ्रान्समध्ये १९७० पासून कायदा आहे की भाड्याच्या घरात पाळीव प्राणी ठेवू नये असं कलम करारात टाकलं तरी ते ग्राह्य धरलं जात नाही, फक्त ठरावीक धोकादायक कुत्र्यांचा अपवाद. आपल्याकडे असं लगेच होईल असं मला वाटत नाही, इथे बॅचलरला घर मिळत नाही तिथे लॅब्रॅडॉरला कुठून मिळणार. पण निदान हे मान्य तरी करा की कुत्रा सोडणाऱ्या माणसाच्या प्रेमात खोट असतेच असं नाही, कित्येकदा खोट त्या अकरा महिन्यांच्या कागदात असते.

आता ‘काही झालं तरी सोडायचा नाही’ वाल्यांबद्दल. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याकडे लॅब होता, मोठा गोड कुत्रा, अख्ख्या बिल्डिंगचा लाडका. त्यांनी ठरवलं की त्याला घेऊनच जायचं. मुलुंडात नाही, भांडुपात नाही, ठाण्यात नाही, शेवटी पार बदलापूरच्या पुढे एका घरमालकाने हो म्हटलं. दोघंही नोकरी करणारे, त्याचं ऑफिस फोर्टला. सकाळची लोकल पकडायला घर कधी सोडायचे आणि रात्री कधी पोचायचे हे मध्य रेल्वेने जाणाऱ्याला सांगायला नको. मुलीची शाळा बदलली. आणि तो कुत्रा, ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटा. पूर्वी खाली आजोबा मंडळी असायची, जाता-येता कोणी ना कोणी हाक मारायचं, इथे कोणी ओळखीचं नाही. त्याने आधी सोफा फाडला, मग दिवसभर भुंकायला लागला, मग शेजाऱ्यांची तक्रार, मग पुन्हा घर बदललं. त्या बाई मला फोनवर म्हणाल्या, ‘ताई, आम्ही त्याला सोडलं नाही म्हणून सगळे कौतुक करतात, पण तो बिचारा खूश आहे का हे कोणी विचारत नाही.’

हे ऐकल्यापासून ‘पोटच्या पोराला दिलं असतं का’ हा प्रश्न मला पटेनासा झालाय. पोराला दिवसाचे बारा-चौदा तास कुलूप लावून आपण ठेवत नाही. ठेवणं म्हणजे नुसतं सोबत नेणं नाही ना.

आणि देऊन टाकणं म्हणजे नेहमी वाईटच असंही नाही. तळमजल्यावर एका मुलीने रस्त्यावरून उचललेली इंडी, म्हणजे देशी कुत्री होती, दीड-दोन वर्षांची, लसी झालेल्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, माणसांत रमणारी. मुलीची आई आजारी, त्यांना मामाकडे एका खोलीत राहायला जायचं होतं. तिने नोटिशीची वाट बघितली नाही. सात-आठ महिने आधीच फोटो, व्हिडिओ, लसीकरणाची वही सगळं तयार करून ओळखीपाळखीत फिरवलं, येणाऱ्याला दहा प्रश्न विचारले, घरी जाऊन खिडक्यांच्या जाळ्या तपासल्या, कुत्रीला तिथे आधी एक दिवस, मग शनिवार-रविवार ठेवून बघितलं आणि नाशिकच्या एका कुटुंबाला दिली ज्यांच्या घराला अंगण होतं. रेस्क्यूवाले सांगतात की नवीन घरात कुत्र्याला पहिले तीन दिवस घाबरायला, तीन आठवडे सवय व्हायला आणि तीन महिने घर आपलं वाटायला द्यावेत, तिने त्या लोकांकडून तेवढं कबूल करून घेतलं आणि नाही जमलं तर मला परत द्यायची, दुसऱ्या कोणाला परस्पर नाही, हेही लिहून घेतलं. ती मुलगी रडली बिडली, पण तिच्या कुत्रीचं वाईट झालं असं कोणी म्हणू नये. ताईंच्या पत्रात या मुलीला जागाच नाही, ती आणि रात्री रिक्षात घालून कुत्रा ऐरोलीच्या ब्रिजपलीकडे सोडून येणारा माणूस, दोघं एकाच पारड्यात.

त्या दुसऱ्या माणसाबद्दल मात्र मला अजिबात दया नाही. घरात वाढलेला कुत्रा अनोळखी गल्लीत सोडला की तिथली कुत्री त्याला हद्दीत घेत नाहीत, तो चावे खातो, गाडीखाली येतो, कचऱ्यातलं खाणं शोधायची त्याला सवयच नसते. आमची बिल्डिंग रिकामी झाली, खिडक्या-दारं काढून नेली, त्यानंतर वॉचमनला पहिल्या मजल्यावर एका घरात एक तपकिरी कुत्रा सापडला, गळ्यात पट्टा. ते घर ज्यांचं ते म्हणाले आमचा नाही. कोणाचाच नव्हता. शेवटी वॉचमनच घेऊन गेला त्याच्या खोलीवर, जिथे आधीच चार माणसं राहत होती, आणि त्याला कोणत्याही ब्रोकरने प्रश्न विचारले नव्हते.

कायदा या बाबतीत आहे पण असून नसल्यासारखा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ खाली, प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा परिस्थितीत विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोन कटिंग आणि वडापाव येईल. २०२५ च्या ऑगस्टपासून सुप्रीम कोर्टात भटक्या कुत्र्यांवरून एवढी आदेशांची आणि वादांची धुमश्चक्री झाली, टीव्हीवर रोज दोन बाजू, पण त्यांतली काही कुत्री कोणाच्या तरी घरातून, कोणाच्या तरी शिफ्टिंगच्या दिवशी रस्त्यावर आली असतील याबद्दल मी फारसं कोणाला बोलताना ऐकलं नाही.

काही लोक म्हणतात गावाला नेऊन सोडू, तिथे मोकळं फिरेल. हा विचार आमच्याकडे दोघांनी केला, एकाने तसं केलंही. शहरात सोफ्यावर झोपणारा कुत्रा गावच्या ओसरीवर बांधला की तो रमतोच असं नाही, आणि कोकणात, जुन्नर-अकोले भागात रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्या उचलतो हे गावातला कोणीही सांगेल. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला त्यातही पाळीव कुत्र्यांचा वाटा मोठा निघाला होता. आमच्या मुलुंडला पश्चिमेकडे नॅशनल पार्क लागून आहे त्यामुळे हे आम्हाला वेगळं सांगायला नको. बरं गावाला न्यायचं कसं हाही प्रश्नच, रेल्वेने न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक करा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, गाडी भाड्याने केली तर ड्रायव्हर तयार नाही. तरीही घरी कोणीतरी बघणारं असेल, रात्री आत घेणारं असेल, तर गाव हा चांगला पर्याय आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त ‘गावाला सोडला’ आणि ‘गावाला ठेवला’ यात फरक आहे.

दुसरं, ‘चांगल्या घरी फुकट देणे आहे’ असे मेसेज टाकताना जरा जपून. जातीवंत मादी असेल आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर तिला नेणारे प्रेमापोटीच नेतात असं समजू नका, पिल्लं काढून विकणारे लोकही हे मेसेज वाचत असतात. कुत्र्यांच्या ब्रीडिंगला २०१७ पासून नियम आहेत, राज्याच्या बोर्डाकडे नोंदणी लागते, पण घरच्या घरी धंदा करणारे कुठे नोंदणी करायला जातात. द्यायचीच असेल तर आधी ऑपरेशन करून द्या, हे मला आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मला ते शंभर टक्के पटलं. आणि हॉस्पिटलच्या किंवा शेल्टरच्या गेटला बांधून पळून जाऊ नका. परळचं बैलघोडा हॉस्पिटल शंभराहून जास्त वर्षं जनावरांवर उपचार करतंय, उपचार करणं त्यांचं काम, आपली अडगळ ठेवायची ती जागा नव्हे.

आता मला खरं जे सुचवायचंय ते. रिडेव्हलपमेंटची अडचण ही कायमची नसते. करारात दोन वर्षं लिहितात, होतात तीन, कधी चार. लॅब्रॅडॉरचं आयुष्य साधारण दहा ते बारा वर्षांचं, म्हणजे ही त्याची पाव आयुष्याची गोष्ट झाली, थोडीथोडकी नाही, पण अख्खं आयुष्यही नाही. मग तात्पुरत्या अडचणीसाठी कुत्रा कायमचा का द्यायचा? आपल्याकडे दोनच पर्याय धरून चालतात, ठेवा नाहीतर द्या. मधला रस्ता म्हणजे कोणाकडे तरी ठरावीक काळ ठेवणं, रेस्क्यूवाले त्याला फॉस्टर म्हणतात, पण ते बहुतेक रस्त्यावरच्या पिल्लांसाठी, आठ-पंधरा दिवसांसाठी चालतं. मला म्हणायचंय दोन-तीन वर्षांसाठी.

कोण घेणार, असं तुम्ही विचाराल. मी सांगते कोण घेणार. माझ्या वयाचे, साठी ओलांडलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत, स्वतःचं घर आहे, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, सकाळ-संध्याकाळ चालायला जातात, कुत्र्याची प्रचंड हौस, पण आणत नाहीत. का, तर ‘आमच्यानंतर त्याचं काय’. बारा वर्षांची जबाबदारी घ्यायची भीती वाटते, आणि ती भीती बरोबरच आहे. यांना दोन-तीन वर्षांसाठी, शिकलेला, लसी झालेला, शी-शूची सवय असलेला कुत्रा आणि त्याचा खर्च कुत्र्याच्या मालकाकडून मिळाला तर किती जण नाही म्हणतील? एकाला तीन वर्षं कुत्रा ठेवायला जागा नाही, दुसऱ्याला तीन वर्षांपुरताच कुत्रा हवाय, आणि दोघं एकाच स्टेशनच्या पूर्व-पश्चिमेला राहतात, पण एकमेकांना माहीत नाहीत.

मात्र हे तोंडी ठरवायचं काम नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पांढरा स्पिट्झ असाच त्यांच्या ठाण्याच्या मावसबहिणीकडे ठेवला होता, सगळं प्रेमाने, काही लिहिलं नाही. मग त्याला किडनीचा त्रास झाला, डॉक्टरांचं बिल मोठं आलं, ते कोणी द्यायचं यावरून दोघी बहिणींत अबोला. म्हणून लिहून ठेवा. खाण्याचा खर्च कोणाचा, आजारी पडला तर न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, ऑपरेशनचा निर्णय कोणाचा, तो कोणाला चावला तर जबाबदारी कोणाची, पालिकेचं लायसन्स आणि रेबीजची लस कोण बघणार, सांभाळणारे गावाला गेले तर काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिल्डिंग रखडली तर काय. बिल्डर भाडं थांबवतो, काम बंद पडतं, हे मुंबईत नवीन नाही, दोन वर्षांची पाच होतात, आणि तोपर्यंत तो कुत्रा खरंच त्यांचा झालेला असतो. काकूंचा स्पिट्झ आता म्हातारा झालाय, एका डोळ्याने दिसत नाही, मावसबहिणीच्या घराचा कोपरा न् कोपरा त्याला वासाने पाठ आहे. नवीन घराची किल्ली मिळाली तरी काकूंनी त्याला तिथेच राहू दिलं. दर रविवारी भेटायला जातात. बहिणीशी बोलणंही त्यामुळेच परत सुरू झालं.

म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. त्याला अडॉप्शनला काढू नका. दहा-अकरा वर्षांचा कुत्रा सहसा कोणी घेत नाही, आणि घेतला तरी त्या वयात घर, माणसं, वास सगळं एकदम बदलणं त्याला झेपत नाही. तिथे घर लहान घ्या, लांब घ्या, एखादी खोली कमी घ्या, नातेवाइकांच्या पाया पडा, पण ती शेवटची एक-दोन वर्षं काढा. म्हणजे ताईंचं म्हणणं मला या एका ठिकाणी पूर्ण मान्य आहे.

घरमालकांनाही दोन शब्द. तुमची भीती खोटी नाही, दारं ओरबाडतात, वास राहतो, शेजारी तक्रार करतात. पण त्यासाठी सरसकट नाही म्हणायची गरज काय? डिपॉझिट थोडं जास्त घ्या, जाताना रंग आणि साफसफाई भाडेकरूच्या खर्चाने असं लिहा, आधीच्या सोसायटीतल्या शेजाऱ्याचा नंबर मागा आणि फोन करून विचारा की कुत्रा कसा आहे. माणसांची चौकशी करताच ना. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, ज्याला दुसरीकडे घर मिळत नाही तो भाडेकरू अकरा महिन्यांनी सोडून जायची घाई करत नाही, भाडं वेळेवर देतो. माझ्याकडच्या चेकवरून सांगतेय हे.

चाळींचा विषय तर वेगळाच आहे. तिथे कुत्रा एका घरचा नसतोच, चाळीचा असतो, एकीकडे पोळी, एकीकडे मच्छीचं डोकं, रात्री जिन्याखाली झोप. वरळी-नायगावच्या बीडीडीसारख्या शंभर वर्षांच्या जुन्या चाळी पाडून टॉवर होतायत, माणसांना हक्काचं मोठं घर मिळतंय, चांगलंच आहे. पण चाळीच्या कुत्र्याचा मालक कोण म्हणून लिहायचा? पन्नास घरांचा म्हणजे कागदावर कोणाचाच नाही. ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरांत पांगलेल्या लोकांपैकी त्याला कोण नेणार आणि टॉवरच्या गेटवर सिक्युरिटी आत कोणाला सोडणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही. निदान चाळ पाडायच्या आधी त्यांची नसबंदी, लसीकरण झालंय का आणि आजूबाजूला त्यांना खायला घालणारं कोणी उरतंय का एवढं तरी तिथल्या मंडळाने बघावं. गणपतीची वर्गणी ज्या मंडळाला गोळा करता येते त्याला हे अवघड नाही.

ज्या सोसायट्यांचं टेंडर अजून व्हायचंय त्यांच्या कमिट्यांना माझी विनंती आहे. मेंबरांची यादी करता, कार्पेट एरिया लिहिता, गाड्या मोजता, तसं कोणाच्या घरी कुठला प्राणी आहे, वय किती, तेही त्याच फॉर्मवर लिहून घ्या. म्हणजे घर रिकामं करायच्या दोन वर्षं आधी त्या कुटुंबाला स्वतःलाच प्रश्न पडेल. पेट चालणारी भाड्याची घरं शोधायला बिल्डरच्या ब्रोकरने मदत करावी हे करारात एका ओळीत टाका, बिल्डरला यात फारसा खर्च नाही, तो कुरकुर करणार नाही, पार्किंगवर करतो तशी तर नक्कीच नाही. आणि नवीन बिल्डिंगमध्ये परत येताना कुत्र्यावरून वाद नको म्हणून २०१५ च्या त्या सूचना आत्ताच जनरल बॉडीत वाचून दाखवा. आमच्याकडे हे झालं नाही, हसण्यावारी गेलं.

शेवटची विनंती तुम्हाला, संपादक साहेब. तुमच्या पेपरात रविवारी भाड्याच्या घरांच्या छोट्या जाहिराती येतात, त्यात ‘फक्त फॅमिली’, ‘शाकाहारी’, ‘स्टेशनजवळ’ असं सगळं छापता. त्यातच ‘पेट चालेल’ हे दोन शब्द जाहिरातदाराकडून जादा पैसे न घेता छापता येतील का? आणि त्याच पानावर एक लहानसा चौकोन, कुत्रा ठरावीक काळासाठी सांभाळायला देणारे आणि घेणारे यांच्यासाठी. आमच्या बाजूच्या तीन सोसायट्यांना येत्या दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत, त्यात माझ्या माहितीतली किमान पाच कुत्री आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.

आपली,
एक वाचक
मुलुंड (पूर्व)